दोन ते चारचा पहारा

या, असे जवळ सरकून बसा. पंख्याखाली नको, त्याची घरघर मध्ये येते. इकडे, खांबाच्या बाजूला. कीर्तनाला अजून अवकाश आहे. बुवा चोपड्याहून निघालेत असा निरोप आहे, म्हणजे अजून निघायचे आहेत. तोवर एका वीणेची आणि एका कॉम्प्युटरची गोष्ट सांगतो. खरी वाटली नाही तर इथेच सोडून जा, पण संपल्याशिवाय उठायचं नाही, एवढा शब्द द्या.

जळगावच्या एका कॉलनीत लोटनराव पाटील राहत. सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, अंगाने भरलेले, मनाने हळवे आणि डोळ्यांनी झोपाळू. हे तिसरं लक्षण आधीच सांगून ठेवतो. लोटनराव आळशी नव्हते हो! त्यांच्या टेबलावर फाइल कधी शिळी झाली नाही. पण कीर्तनात मृदंग घुमू लागला, टाळ एका लयीत पडू लागले, बुवांचा सूर वर जाऊन थरथरला, की लोटनरावांना कुठेतरी वाहत चाललो असं वाटायचं. पापण्या मिटायच्या. लोक म्हणायचे, झोपले. ते म्हणायचे, तल्लीन झालो. या दोहोंमधली रेघ नेमकी कुठे असते, ते भल्याभल्यांना सांगता आलेलं नाही.

कॉलनीतल्या विठ्ठलमंदिरात दर वैशाखात सप्ताह बसे. सप्ताहाचा प्राण म्हणजे वीणा. पहिल्या दिवशी ती गळ्यात पडली, की काल्याच्या कीर्तनापर्यंत जमिनीला टेकायची नाही. कोणीतरी ती गळ्यात घालून, हरिनाम घेत देवापुढे उभं राहायचं. दोन तास झाले की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. त्याला पहारा म्हणतात. दिवसाचे बारा पहारे, सात दिवसांचे चौऱ्याऐंशी. "जीव चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरतो, आपली वीणा चौऱ्याऐंशी गळ्यांतून फिरते," असं अध्यक्ष धनसिंग आबा दर वर्षी म्हणत, आणि आत्ताच सुचल्यासारखे थांबून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत.

ही गोष्ट घडली त्याच्या सात वर्षं आधी लोटनरावांच्याही गळ्यात वीणा पडली होती. दुपारची वेळ. ते उभे राहिले, तल्लीन झाले, जरा जास्तच तल्लीन झाले, आणि भोपळा खांबावर आपटून असा आवाज झाला की पंगतीत वाढणाऱ्या बायका पळी घेऊन धावत आल्या. वीणा वाचली. लोटनराव नाही वाचले. पुढच्या वर्षीपासून आबांनी त्यांना चपलांवर बसवलं. "तीबी देवाचीच सेवा शे, लोटन."

लोटनरावांनी सहा वैशाख चपला राखल्या. पण कोणी वीणा घेऊन उभं दिसलं की त्यांच्या खांद्याला ती रिकामी जागा जाणवायची. एकदा, फक्त एकदा, दोन तास ती गळ्यात घालून डोळे उघडे ठेवून उभं राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

"मग मागून घ्या ना सरळ," कमलबाई म्हणत. कमलबाई म्हणजे त्यांची पत्नी. "आबा काय खातात का तुम्हांला?"

"मागून घ्यायची वस्तू नाही ती. दिली पाहिजे कुणीतरी."

"मग बसा चपला मोजत."

सत्त्याण्णव साली मात्र देवाने वाट दाखवली, असं लोटनरावांना वाटलं. त्या वर्षी कचेरीने त्यांना पंधरा दिवस धुळ्याला कॉम्प्युटरच्या प्रशिक्षणाला पाठवलं. खोली थंडगार, आणि आत जाण्याआधी चपला बाहेर काढायच्या! लोटनराव तिथेच विरघळले. ज्या जागी पादत्राणं काढून जावं लागतं तिथे देवाचा वास असणारच. त्यातल्या बाराव्या दिवशी मास्तरांनी पिव्हट टेबल दाखवलं, म्हणजे यादीचा उभा-आडवा तक्ता आपणहून मांडून देणारी सोय. लांबलचक यादी होती. मास्तरांनी दोन बटणं इकडची तिकडे ओढली आणि यादी उठून उभी राहिली, वळली, आडव्याची उभी झाली. लोटनरावांना रिंगणातली पावली आठवली. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र त्यांनी घरी विठ्ठलाच्या फोटोशेजारी लावलं, आणि कमलबाईंनी उदबत्ती दोघांनाही दाखवावी अशी मूक अपेक्षा ठेवली.

सप्ताहाच्या बैठकीत त्यांनी घसा खाकरला. "या वर्षी पहाऱ्यांची यादी मी कॉम्प्युटरवर करतो."

आबांनी टोपी सारखी केली. "कर. पन कागदावर येई ना ती?"

आता लोटनरावांच्या मनातला डाव ऐका. त्र्याऐंशी पहाऱ्यांना नावं लावायची आणि एक मोकळा सोडायचा. पाचवा दिवस, दुपारी दोन ते चार. जळगावचा वैशाख, पंगत उठलेली. ती वेळ कोणालाच नको असते. आबा यादी बघतील, रिकामी चौकट दिसेल, आजूबाजूला नजर टाकतील, आणि समोर कोण बसलेलं असेल? लोटन. "बरं, तूच उभा राय मग." मागितलंही नाही आणि मिळालंही! डाव पापाचा नव्हता. फक्त थोडा कारकुनी होता.

कचेरीतला कॉम्प्युटर वापरावा म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला. अर्जावर साहेबांनी 'चर्चा करावी' असं लिहिलं. चर्चेत साहेबांनी 'लेखी सादर करावे' असं सांगितलं. हा अर्ज पुढे तीन वर्षं त्या दोन शेऱ्यांमधून येरझारा घालत होता. शेवटी लोटनराव कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या अय्युब शेखांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले. अय्युबभाई निवांत माणूस. दुपारी मशीन मोकळंच असतं, म्हणाले, या, बसा. मशीनवर भरतकामाचं झाकण होतं. ते त्यांच्या पत्नी आबेदाभाभींनी केलेलं, गुलाबाच्या फुलांचं. ते उचलताना लोटनरावांनी नकळत हात जोडले. अय्युबभाईंनी बघून न बघितल्यासारखं केलं.

यादी टाइप झाली: दिवस, वेळ, नाव. मोकळ्या पहाऱ्याची ओळ अर्थातच टाकली नाही. मग टेबल करायला घेतलं. दिवस वर, वेळ डावीकडे, नाव मधोमध. लोटनरावांनी डोळे मिटून बटण दाबलं आणि उघडून पाहिलं, तर सगळीकडे एक. एक, एक, एक, एक. नाव एकाचंही नाही. मधली एक कोरी चौकट त्या गर्दीत कोणाच्या लक्षात येणार!

तो कागद आबांनी लांब धरून पाहिला. "लोटन, हाई काय? बठ्ठा एकच?"

"मशीन मोजतं, आबा. नाव मध्ये टाकलं की ते माणूस मोजतं."

"सगळीकडे एकच दिसतो, हे ज्ञान चांगलं शे," आबा म्हणाले, "पन वीना कोणाच्या गळ्यात द्यायची?"

अय्युबभाईंनी तोडगा काढला. नाव मध्ये नको, डावीकडे वेळेच्या शेजारी आणायचं. दिवस वर टांगून ठेवायचा आणि एकेका दिवसाचा वेगळा कागद काढायचा. नावं आली. पण प्रत्येक नावाखाली मशीनने आपणहून एक ओळ घातली: 'एकूण १'. जीवराम महाजन, एकूण एक. भटू चौधरी, एकूण एक. कॉलनीतले जाणकार अय्युबभाईंच्या ओट्यावर जमून तो कागद वाचू लागले. "माणूस एकूण एकच असतो," जीवराम महाजन गंभीरपणे म्हणाले. जीवराम रावेरहून केळीचे ट्रक भरून पाठवत, त्यामुळे मोजणीबद्दल त्यांचं मत कॉलनीत शेवटचं धरलं जाई. "ते लिहायचं काय कारण?" भटू चौधरींनी सुचवलं की विजेचं मशीन आहे, थोडं गरम झाल्यावर बरं चालेल. प्रमिलाबाई म्हणाल्या, आमच्या माहेरी फळ्यावर खडूने लिहितात, त्याला 'एकूण' लागत नाही.

त्या जाणकारांनीच मग बदल सुरू केले. जीवरामांना तिसऱ्या दिवशी लग्न होतं. प्रमिलाबाईंना सकाळचा नको, नळाला पाणी येतं. लोटनराव मूळ यादीत नाव बदलत आणि टेबलाकडे बघत. टेबल ढिम्म! जीवराम तिसऱ्या दिवशीच उभे. रागावून त्यांनी थेट टेबलातच नाव लिहायला घेतलं, तर मशीन इंग्रजीत म्हणालं की या टेबलाचा हा भाग तुम्हांला बदलता येणार नाही.

"मला? मीच तर केलंय ते!" लोटनरावांचा अपमान कानापर्यंत चढला.

"भाऊ, ये आईना है," अय्युबभाई समजावत म्हणाले. "आरशातल्या चेहऱ्याला पावडर लावून काय होणार? तुम्ही मूळ यादीला लावली, चांगलं केलं. पण या आरशाला पुन्हा बघ म्हणून सांगावं लागतं. आपणहून नाही बघत तो. हे बटण."

लोटनरावांनी बटण दाबलं. टेबलाने पुन्हा बघितलं, जीवराम हलले, आणि त्याच क्षणी सगळी मराठी नाहीशी झाली. अक्षरांचा मराठी साज उतरला आणि खाली इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि टोप्या घातलेली चिन्हं राहिली. धनसिंग आबा कुठे गेले ते ओळखूच येईना. पुन्हा सगळी नावं काळी करायची, मराठी अक्षरवळण, म्हणजे फॉन्ट, निवडायचं, की आबा परत. पुढच्या बदलाला पुन्हा आबा गेले. आठ दिवसांत आबांचे असे एकतीस जन्म झाले. लोटनराव घरी येऊन आडवे होत, तेव्हा मिटल्या डोळ्यांपुढून ती चिन्हं सातपुड्यावरून उतरणाऱ्या बगळ्यांसारखी हळूहळू जात राहत. त्यांना ते बघत पडून राहायला आवडे, हेही सांगितलं पाहिजे.

अखेर सात कागद निघाले. आबांनी मंदिरात सगळ्यांसमोर एकेक वाचला. पाचवा कागद आला. लोटनराव सावरून बसले, उपरणं नीट केलं, चेहऱ्यावर 'मी कशाला, दुसरं कोणी बघा' असा भाव तयार ठेवला.

आबांनी वाचलं: "दहा ते बारा, भटू. बारा ते दोन, तानुबाई. चार ते सहा, जीवराम." आणि पुढे गेले.

लोटनरावांनी मान पुढे काढून पाहिलं. दोन ते चारची ओळच नव्हती. रिकामी चौकट नाही, रेघ नाही, काही नाही. बारा ते दोनच्या खाली चार ते सहा, जणू खानदेशात दुपारी दोनला दिवस मावळतो आणि चारला पुन्हा उगवतो.

"शाब्बास लोटन!" आबांनी कागद उंच धरले. "एक जागा रिकामी नही!"

लोटनरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात आबांनी सातही कागदांना हळदकुंकू वाहिलं, देवापुढे ठेवले, नारळ फुटला. आणि इथे आमच्याकडची एक रीत तुम्हांला सांगायला हवी. नारळ फुटला की पहाऱ्याची यादी देवाची झाली. त्यात मग खाडाखोड नाही, नवं नाव नाही.

लोटनराव तसेच अय्युबभाईंकडे गेले. अय्युबभाईंनी टेबलाची बेरीज पाहिली. "चौऱ्याऐंशी पाहिजेत ना? हे तर त्र्याऐंशी."

लोटनरावांनी डाव सांगून टाकला. अय्युबभाई हसले नाहीत. चहा मागवला. "लोटनभाऊ, या मशीनला नसलेलं दिसत नाही. जी ओळ तुम्ही टाकलीच नाही, ती वेळ त्या दिवशी झालीच नाही, असं ते धरतं. रिकामं दाखवायचं असेल तर रिकामंसुद्धा लिहावं लागतं. वेळ लिहा, नावाच्या जागी नुसतं टिंब द्या. मग ती ओळ उभी राहील."

टिंब दिलं. बटण दाबलं. 'दोन ते चार' प्रकट झाली. लोटनराव नवा कागद घेऊन धावले. आबा म्हणाले, "नारळ फुटना ना, भाऊ. आते त्यात टिंबबी पडाव नही."

घरी येताना लोटनरावांच्या मनात हळूच उजाडलं. अरे, मग बरंच झालं की! ही वेळ कोणाचीच नाही. पाचव्या दिवशी दोनला आपण गुपचूप जायचं, तानुबाईंकडून वीणा घ्यायची. कोणी विचारणार नाही, कोणी चपला दाखवणार नाही. आपण आणि तो विटेवरचा. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आणि ती चर्चेशिवाय मंजूर झाली, तेव्हा देवाचीच इच्छा यात शंका उरली नाही.

पाचवा दिवस आला. पंगतीला वरण-बट्टी आणि भरल्या वांग्यांची भाजी. तुपात बुडवलेल्या चार बट्ट्या खाल्लेला माणूस आणि सव्वा वाजताचा जळगावचा उन्हाळा, यांच्यामध्ये उभं राहण्याची ताकद कोणत्या शास्त्रात सांगितली आहे? लोटनराव घरी आले. फक्त पाच मिनिटं पाठ टेकू म्हणाले.

आणि काय सांगू, काय सुंदर पहारा झाला तो! ते देवापुढे उभे होते. वीणा गळ्यात अशी बसली होती की जन्मतःच होती. मंडपाला भिंती नव्हत्या. केळीची बाग दूरवर पसरली होती आणि पानापानावर एकेक चौकट, चौकटीत एकेक नाव. वारा आला की नावं सरकत, उभ्याची आडवी होत, कोणी कुठेही गेलं तरी बेरीज तीच. देव विटेवरून उतरून शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, लोटन, किती वाजले?

लोटनरावांनी डोळे उघडून घरच्या भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. दोन वाजून पन्नास मिनिटं.

ते तसेच अनवाणी धावले. डांबर पायाला चिकटत होतं. वीणा खाली असेल. सप्ताह मोडला असेल. माझ्या हावेपायी, माझ्या गाळलेल्या ओळीपायी! मंडपात दोन म्हातारे घोरत होते. आणि देवापुढे तानुबाई उभी होती, वीणा गळ्यात, एक पाय अवघडून दुसऱ्यावर तोललेला.

तानुबाई चाळीसगावकडच्या खेड्यातली विधवा बाई, मंदिराच्या स्वयंपाकाला होती. त्या दिवशीच्या बट्ट्या पहाटेपासून तिनेच वळल्या होत्या.

"तानुबाई, दोन वाजून गेले की हो! हाक नाही मारलीत कुणाला?"

"कोणले मारू, भाऊ? बठ्ठा झोपेल. हरिनाम सोडी हाका मारू?" ती शांतपणे म्हणाली. "माले वाचता येत नही. कोणी तरी यी, म्हनीसन उभी ऱ्हायनू."

"आणि कोणी आलंच नसतं तर?"

"तर नसतं ऊनं. वीना काय खाले ठेवती मी?"

लोटनरावांनी मान खाली घातली. तानुबाईने वीणा उतरवून त्यांच्या गळ्यात घातली. त्यांनी मागितली नव्हती. पट्टा तिच्या घामाने ओला होता.

ते उभे राहिले. तारेवरून बोट फिरलं, एकच सूर निघाला, पुन्हा तोच. उन्हात पारवे घुमत होते. पंधरा मिनिटांत सगळं मऊ होऊ लागलं, केळीची पानं परत दिसू लागली. तेवढ्यात खालून टाळी वाजली. तानुबाई घरी गेलीच नव्हती. खांबाला टेकून, सुजलेले पाय पसरून बसली होती.

"जागा ऱ्हाय रे, भाऊ! चार बट्ट्या खायेल शे तू, मी उभ्या उभ्या मोज्यात ना!"

तासभर असंच चाललं. त्यांच्या पापण्या मिटत, तिची टाळी वाजे. भाजलेले तळवे ठणकत आणि ते जागे आहेत याची साक्ष देत. चारला जीवराम आले, "काय लोटनभाऊ, आज चपला कोणाकडे?" म्हणाले आणि वीणा घेतली. लोटनरावांनी वळून पाहिलं तर तानुबाई रात्रीच्या पंगतीची कणीक भिजवायला निघून गेली होती.

काला झाला, सप्ताह पार पडला. आबांनी भर मंडपात सांगितलं की चौऱ्याऐंशी पहाऱ्यांत एकही चुकला नाही. दुसऱ्या दिवशी लोटनराव अय्युबभाईंकडे गेले. फ्लॉपी घातली. पाचवा दिवस, दोन ते चार, आणि टिंब.

"आता खोडा ते टिंब," अय्युबभाई म्हणाले. "तुम्ही उभे होता ना? नाव टाका. हक्काचं आहे."

लोटनरावांनी बोटं कळफलकावर ठेवली. सहा वर्षं त्यांनी त्या जागेची वाट पाहिली होती. दोन नावं घातली तर मशीन दोन माणसं मोजणार, बेरीज पंच्याऐंशी होणार. एका ओळीला एकच नाव. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले, इतका की अय्युबभाईंना वाटलं, तल्लीन झाले. मग त्यांनी हळूहळू, एकेक अक्षर शोधत लिहिलं: तानुबाई. आणि आरशाला सांगितलं, पुन्हा बघ.

रिवाजाप्रमाणे सगळी मराठी उडाली. आबा गेले, जीवराम गेले, स्वल्पविराम आणि टोप्या राहिल्या. पण त्या गर्दीत एका न वाचता येणाऱ्या नावाखाली, दोन्ही पहारे मिळून, 'एक'चा 'दोन' झाला होता, आणि खाली बेरीज चौऱ्याऐंशी. "राहू द्या असंच," लोटनराव म्हणाले. "तिलाही कुठे वाचता येतं!"

बघा, बुवांची गाडी आली वाटतं. उठा, टाळ घ्या. फक्त एक करा. आता कीर्तनात वीणेकडे लक्ष जाईल, तेव्हा तुमच्या पहाऱ्यानंतर कोणी आलं नसतं तर काय केलं असतं, हे मनाशी विचारा, आणि बट्ट्या वळून आलेल्या, पाय अवघडून उभ्या राहिलेल्या तानुबाईची क्षणभर आठवण काढा.